चकमकीच्या रायफलने नेमबाजी : सुरुवात कोठून करावी?

लेहायकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे पेनसिल्व्हेनियात, ॲलनटाउनच्या जवळ राहतो. मागच्या महिन्यात नाझरेथजवळच्या जेकब्सबर्ग येथील लाँग रायफलचे संग्रहालय पाहण्यात आले. हेन्री घराण्याचा बंदुकांचा कारखाना ज्या बोल्टन वस्तीत होता, तेथेच हे संग्रहालय आहे. नंतर एका ओळखीच्या गृहस्थांनी आपल्या क्लबच्या मैदानावर चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या, रायफलचे तीन बार मला काढू दिले. पहिला बार झाला तेव्हा डोळ्यांपुढे जाळ आणि धूर यांखेरीज काही दिसलेच नाही. परंतु तेव्हापासून मनात दुसरा विषय नाही.

मी आजवर फक्त ०.२२ च्या साध्या रायफलने कागदावर नेम धरलेला आहे. माझे प्रश्न असे आहेत : पहिली रायफल कोणत्या व्यासाची घ्यावी, तयार घ्यावी की सुटे भाग आणून जोडावी, काळ्या दारूऐवजी वापरायची, दुकानात सहज मिळणारी बदली दारू चालते का, आणि शिकण्याचा क्रम कसा ठेवावा? शिकारीचा विचार तूर्त नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ठासणीवाला

लेहायकाठ, आपण योग्य राज्यात राहता. अठराव्या शतकात जर्मन कारागीर आखूड नळीच्या येगर रायफली घेऊन लँकेस्टर आणि आसपासच्या भागात आले. त्या रायफलींची नळी लांब आणि व्यास लहान होत गेला, आणि त्यातूनच पेनसिल्व्हेनियाची लाँग रायफल घडली. १९७४ पासून येथे हरणांच्या शिकारीचा एक स्वतंत्र हंगाम केवळ चकमकीच्या बंदुकांसाठी असतो आणि तो नाताळानंतर भर थंडीत येतो. त्यामुळे येथे शिकवणारी माणसे, दारू आणि गारगोट्या तीनही मिळतात. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत ही सोय नाही.

आता आपल्या प्रश्नांकडे येतो. व्यास ०.५० इंच घ्यावा. ०.४५ ची रायफल धक्का कमी देते आणि दारूही कमी खाते, हे खरे आहे, परंतु ०.५० साठी गोळ्या, ठासण्याच्या गजाची टोके आणि सुटे सामान कोठेही मिळते, आणि पुढे शिकारीची इच्छा झाली तर दुसरी रायफल घ्यावी लागत नाही. नळीतील पीळ, म्हणजे गोळीला फिरवणारे आतले आटे, मात्र विचारून घ्यावा. गोल गोळीसाठी ४८ ते ७० इंचांत एक वेढा घेणारा सावकाश पीळ लागतो. २८ इंचांत एक वेढा घेणाऱ्या नळ्या लांबट गोळ्यांसाठी केलेल्या असतात. कापडात गुंडाळलेली गोल गोळी जोरात डागली तर त्यांत ती पीळ सोडून घसरते.

तयार रायफलींत इटलीच्या पेडरसोलीचे काम भरवशाचे असते. हातात कानस धरण्याची आवड असेल तर किबलरचे सुटे भाग आणून जोडावेत. किंमत हजार डॉलरच्या वर जाते, पण त्यांची कळ, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, उत्तम असते. पैसे कोठे घालावेत असे मला कोणी विचारले, तर मी नेहमी कळ असेच उत्तर देतो. दस्त्याचे लाकूड साधे असले तरी चालते, नळीवर नक्षी नसली तरी चालते. परंतु गारगोटी धरणाऱ्या घोड्याची कमान दुबळी असेल किंवा घोड्यासमोरची पोलादी पट्टी, जिला येथे फ्रिझन म्हणतात, ती नीट पाणी दिलेली नसेल, तर माणूस दोन महिन्यांत कंटाळून रायफल विकून टाकतो. ठिणगी पडते ती दगडाची नव्हे. गारगोटीची धार पोलादाचे अतिसूक्ष्म कण खरवडते आणि ते कण हवेत जळतात. पोलाद मऊ असेल तर दगड त्यात रुततो आणि ठिणग्या मरतात.

बदली दारूचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पायरोडेक्ससारखी दारू टोपीच्या, म्हणजे स्फोटक टोपीवर घोडा आपटून पेटणाऱ्या, बंदुकीत चालते. चकमकीच्या बंदुकीत ती चालत नाही, असेच समजावे. ती पेटायला अधिक तापमान लागते आणि प्याल्यातील, म्हणजे नळीबाहेरच्या लहान वाटीतील, जाळ तेवढा पुरत नाही. येथे खरी काळी दारूच हवी, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांची. तिच्या दाण्याचा आकार एफ या अक्षराने सांगतात आणि एफ जितके अधिक तितका दाणा बारीक असतो. ०.५० च्या नळीत तीन एफ घालावी. प्याल्यात चार एफ घालण्याची पद्धत आहे, पण सुरुवातीला तीच तीन एफ प्याल्यात घातली तरी काम भागते.

प्रमाण ५० ग्रेनपासून सुरू करावे, म्हणजे सुमारे सव्वातीन ग्रॅम, आणि आपल्या रायफलीच्या पुस्तिकेतील कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. एका पौंडात ७००० ग्रेन असतात, तेव्हा प्याल्यातील रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, धरूनही एका डब्यात सव्वाशेच्या वर बार निघतात. गोळी शुद्ध मऊ शिशाची, ०.४९० इंच व्यासाची. तिच्याभोवती गादीच्या खोळीसारख्या घट्ट विणीच्या सुती कापडाची, सुमारे ०.०१५ इंच जाडीची, वंगण लावलेली चिंधी.

बार भरण्याचा क्रम आपल्या गृहस्थांनी दाखवला असेलच. तरी माझ्याकडून एवढे. नळी रिकामी आहे याची खात्री गज घालून करावी. फ्रिझन उघडी आणि प्याला रिकामा ठेवावा. दारू साठवणीच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नये. आधी मापात घ्यावी आणि मापातून ओतावी, कारण आत एखादी धगधगती चिंधी राहिली असेल तर पेट घेईल ती मापभर दारू, हातातले शिंगभर नव्हे. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासावी आणि गज आखूड हात देत दाबावा. वरून एकदम जोर दिला तर गज मोडतो आणि त्याचे टोक तळहातात जाते. गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तर नळी फुगू शकते किंवा फुटू शकते, म्हणून भरलेल्या नळीत गज कोठवर जातो याची खूण गजावर करून ठेवावी. रंजक सर्वांत शेवटी, मैदानाच्या रेषेवर उभे राहून आणि नळी लक्ष्याकडे असताना घालावी. चष्मा आणि कानांचे संरक्षण यांशिवाय उभे राहू नये. आपल्या उजव्या हाताला कोणी उभे असेल तर त्याला मागे सरायला सांगावे, कारण नळीच्या कानातून, म्हणजे जाळ आत जाण्याच्या बारीक भोकातून, आडवी ज्वाळा निघते.

एडिसनकर

वरील प्रतिसाद उत्तम आहे; मी केवळ कायद्याची बाजू जोडतो, कारण आपल्यापैकी बरेच जण नदीच्या या बाजूला, न्यू जर्सीत राहतात. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार, ठराविक तयार काडतूस न वापरणाऱ्या चकमकीच्या बंदुकांची गणना पुरातन शस्त्रांत होते, मग त्या नव्याने बनवलेल्या का असेनात. त्यामुळे पुष्कळ राज्यांत त्या टपालानेही मागवता येतात. न्यू जर्सीत मात्र तीच रायफल साध्या बंदुकीसारखी धरली जाते आणि खरेदीपूर्वी पोलिसांकडून ओळखपत्र काढावे लागते. पेनसिल्व्हेनियातील मित्राची रायफल गाडीत टाकून सहज एडिसनला आणू नये.

दुसरे असे की, एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे हा त्यातला एक अपवाद आहे. पुरातन शस्त्रे त्या व्याख्येबाहेर पडतात, पण राज्याचा कायदा वेगळा असू शकतो. व्हिसा पणाला लावून छंद करू नये. आधी वकिलाला विचारावे. काळी दारू खेळासाठी ५० पौंडांपर्यंत ठेवण्यास संघीय परवाना लागत नाही, पण घरमालक, शहर आणि विमा कंपनी यांचे नियम त्याहून कडक असतात. मी स्वतः दोन पौंडांच्या वर ठेवत नाही.

तिलारीकाठ

आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि प्रत्येक निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागत असे. काजूच्या बागेत रानडुकरे उतरली की आजोबा तिचा नुसताच बार काढत. वरील वर्णन वाचून गजाचा तो आवाज आठवला. तिकडची चकमकीची रायफल येताना गावी आणता येईल काय?

एडिसनकर

येणार नाही, असेच धरून चालावे. काळी दारू विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. परदेशातून आणायची म्हटली तर त्याच्या परवानग्या वेगळ्या.

ठासणीवाला

तिलारीकाठ, एक फरक नोंदवून ठेवतो. कोकणात आज दिसणाऱ्या ठासणीच्या बंदुका बहुधा टोपीच्या असतात : घोडा टोपीवर आपटतो आणि जाळ बंद वाटेने सरळ नळीत जातो. चकमकीच्या बंदुकीत सारा व्यवहार उघड्यावर चालतो. वारा, दमट हवा, अंगठ्याचा घाम, सगळे त्यात ढवळाढवळ करतात. ठासणे तेच असले तरी पेटवणे अगदी निराळे आहे.

लेहायकाठ

सर्वांचे आभार. सात आठवड्यांनी परत येत आहे, आणि थोडा खट्टू होऊन. एका सभासदाकडून ०.५० ची, थोडी वापरलेली परंतु स्वच्छ रायफल घेतली. गेल्या शनिवारी वीस वेळा चाप ओढला. त्यांपैकी अकरा वेळा बार झाला. चार वेळा ठिणगीच पडली नाही. पाच वेळा प्याल्यात रंजक भक्कन उडाली आणि नळीतील बार तसाच राहिला. शेजारच्या बाकावरील एका सद्गृहस्थांनी टोपीची बंदूक घेण्याचा सल्ला दिला. कळ बदलावी काय?

ठासणीवाला

कळ बदलू नका. चकमकीच्या बंदुकीचा एक मोठा गुण असा की तिचे दुखणे लपत नाही; ठिणगी पडली का, रंजक पेटली का, जाळ आत गेला का, हे तिन्ही डोळ्यांना दिसते. आपण नऊ फुकट गेलेल्या बारांची अशी विभागणी करून लिहिली, तेथेच अर्धे निदान झाले. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. कृपया एवढे सांगा : रंजक उडूनही बार झाला नाही, ते पाच प्रसंग दिवसाच्या सुरुवातीचे होते की शेवटचे? आणि रायफल घरी कशी ठेवता?

लेहायकाठ

पाचांपैकी चार अगदी सुरुवातीचे होते. रायफल साफ करून, आत भरपूर तेल घालून, कपाटात दस्ता खाली आणि तोंड वर अशी उभी ठेवतो. ०.२२ ची रायफलही तशीच ठेवत आलो आहे.

ठासणीवाला

मग चोर सापडला. दस्ता खाली ठेवल्यामुळे आठवडाभर सगळे तेल नळीच्या बुडाशी आणि कानात उतरत राहिले आणि शनिवारी आपण त्या तेलात दारू ओतली. ०.२२ च्या रायफलीला याने काही होत नाही, कारण तिची दारू काडतुसात बंद असते. साफ केल्यावर तेलाचा हात पुसटच द्यावा, रायफल पहिले दोन दिवस तोंड खाली करून ठेवावी, आणि मैदानावर पोहोचल्यावर दारू ओतण्यापूर्वी अल्कोहोलने ओली केलेली एक चिंधी आणि मागोमाग दोन कोरड्या चिंध्या नळीतून फिरवाव्यात. कानातून बारीक तार घालावी आणि ती कोरडी बाहेर येते का ते पाहावे.

बार झाला नाही तर रायफल लक्ष्याकडेच रोखून निदान एक मिनिट थांबावे, कारण उशिरा पेटणारा बारही असतो. मगच कानात तार घालून पुन्हा रंजक भरावी. हे आपण करत असालच. माझ्या ओळखीच्या एका नवख्याने मात्र दहाव्या सेकंदाला रायफल खाली घेऊन नळीत डोकावण्याचा विचार केला होता, म्हणून लिहिले.

गारद्यांचा चेला

विषयाला धरून एक शंका. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाकडे चकमकीच्या बंदुका होत्या, तर उरलेल्या फौजेत तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या, बंदुका बऱ्याच होत्या, असे वाचले आहे. मग तोड्याची बंदूक एवढी टिकली कशी?

ठासणीवाला

धागा गारद्यांच्या मागे जाऊ नये म्हणून थोडक्यात लिहितो. जळता तोडा रंजकेला टेकला की ती पेटतेच. त्यात गारगोटीची धार, कमानीचा जोर, पोलादाचे पाणी यांचा संबंध नाही. गावचा लोहार ती दुरुस्त करू शकत असे. उलट दाटीने उभ्या राहणाऱ्या कवायती पायदळात, प्रत्येकाच्या कमरेला दारू असताना, शेजाऱ्याच्या हातात जळता तोडा नको असतो. तेथे चकमकीचा फायदा होता. लेहायकाठांचे वीसपैकी नऊ पाहता तोडेवाल्यांचा हट्ट समजण्यासारखा आहे. याहून अधिक लिहायचे असेल तर नवा धागा काढावा, मी तेथे नक्की येईन.

सोनकी

मी इंडियानात असते. तेथील फ्रेंडशिप गावी १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी रायफल संघाचे मैदान आहे आणि त्यांच्या स्पर्धांना मी काही वर्षे जात आहे. लेहायकाठ, आपल्या दुसऱ्या दुखण्याविषयी, म्हणजे ठिणगी न पडण्याविषयी, लिहिते.

गारगोटी घोड्याच्या जबड्यात कातड्यात गुंडाळून पकडावी. उघड्या दगडावर लोखंडी जबडा आवळला तर दगड फुटतो. तिची रुंदी फ्रिझनएवढी असावी, पण ती नळीला घासू नये. घोडा अर्ध्यावर ओढून फ्रिझन मिटली असता धार तिच्यापासून केसभर अंतरावर आणि तिच्या पृष्ठभागाला समांतर हवी. तिरपी असेल तर एकच कोपरा खरवडतो आणि दोन-चारच ठिणग्या पडतात. मी इंग्लंडच्या सफोक परगण्यातील ब्रँडनची काळी गारगोटी वापरते. करवतीने कापलेले अकीक स्वस्त मिळतात, पण त्यांची धार एकदा बसली की तोडून नवी काढणे अवघड जाते; खऱ्या गारगोटीला पितळी टोचणीने धारेवर हलके दाब दिले की बारीक कपच्या उडून ताजी धार मिळते. हे करताना नळी रिकामी आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

आणखी एक साधी गोष्ट. फ्रिझनच्या पुढच्या बाजूला बोट लावू नये. घामाचा आणि वंगणाचा ओशटपणा तेवढ्यानेही ठिणगी मारतो. वंगणाच्या चिंध्या हाताळलेली बोटे आपण नकळत तिलाच पुसतो. मी दर पाच बारांनी दगड, फ्रिझन आणि प्याला अल्कोहोलच्या चिंधीने पुसते. दमट दिवशी तर प्रत्येक बारानंतर पुसावे लागते, कारण जळालेल्या दारूची राख हवेतले पाणी ओढते आणि प्याल्यात काळा चिखल होतो.

लेहायकाठ

गुण आला. काल पंचवीस वेळा चाप ओढला, तेवीस बार झाले आणि उरलेल्या दोन्ही वेळी दगड बोथट होता, हे मला आपोआप कळले. शेजारच्या बाकावरील सद्गृहस्थांनी दगडाला धार कशी काढली ते विचारले, हे लिहिण्याचा मोह आवरत नाही.

आता नवी अडचण. २५ यार्डांवर गोळ्या खाली आणि डावीकडे विखुरतात. रायफल बाकावर टेकवली तरीही फरक पडत नाही.

सोनकी

आपण उजव्या हाताने नेम धरत असाल तर हे दचकणे आहे. चाप ओढला की घोडा पडतो, प्याल्यात जाळ होतो आणि मग नळीतील बार होतो. या अवधीत डोळा मिटतो आणि खांदा पुढे येतो. माझे तर पहिले पूर्ण वर्ष त्यात गेले. उपाय कंटाळवाणा आहे, पण तो लागू पडतो. घरी, नळी आणि प्याला रिकामे आहेत याची दोनदा खात्री करून, दगडाच्या जागी त्याच आकाराचा लाकडाचा तुकडा लावावा आणि रोज वीसदा चाप ओढावा. घोडा पडल्यावरही माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, लक्ष्यावरच राहिली पाहिजे आणि ती कोठे होती ते मनात म्हणता आले पाहिजे. मैदानावर एखाद्या मित्राला आपल्या नकळत कधी रंजक भरायला आणि कधी प्याला रिकामा ठेवायला सांगावे. रिकाम्या प्याल्यावर आपली नळी कशी उडी मारते ते पाहिले की लाज वाटते आणि त्यानंतर सुधारणा लवकर होते.

ठासणीवाला

सोनकीताईंशी पूर्ण सहमत. त्याबरोबर एक पाहणी करावी : मैदान बंद झाल्यावर पाच-दहा पावलांवर पडलेल्या आपल्या चिंध्या गोळा कराव्यात. मध्ये काळा गोल डाग आणि कडा थोड्या फाटलेल्या असतील तर ठीक. मध्ये जळून भोक पडले असेल तर वंगण कमी आहे किंवा कापड पातळ आहे. गोळीच्या कडेने कापल्यासारख्या चिरा असतील तर नळीतील पिळाच्या किंवा तोंडाच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत. शे-दोनशे बारांनी त्या बहुधा मऊ होतात. चिंधी फाटते आहे तोवर नेमाच्या चुका मोजण्यात अर्थ नसतो.

साफसफाईचा आळस करू नये. त्याच दिवशी, गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून नळी धुवावी. सडक्या अंड्याचा वास येतो, घरच्यांना आधी कल्पना द्यावी. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी फिरवून पाहावी आणि ती तांबूस आली तर पुन्हा धुवावे. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये.

लेहायकाठ

तीन आठवडे लाकडाचा तुकडा लावून सराव केला. घरी त्या आवाजाला सगळे विटले आहेत. चिंध्या तपासल्या तर त्या जळत होत्या, म्हणून कापड एक नंबर जाड घेतले. काल २५ यार्डांवर पाच गोळ्या चहाच्या बशीखाली झाकता येतील अशा बसल्या. डावीकडे जाणे थांबले आहे, पण ५० यार्डांवर पाचही गोळ्या मध्यापासून चार इंच खाली लागतात. आता माशी घासून बुटकी करावी, असे क्लबमध्ये सांगतात. घासू का?

ठासणीवाला

माशी बुटकी केली की गोळी वर लागते, हे बरोबर आहे. परंतु एवढ्यात नको. आधी दारूचे प्रमाण, कापड आणि वंगण पक्के करा, कारण ५० वरून ६० ग्रेनवर गेलात तर मार पुन्हा बदलेल. मग दोन वेगवेगळ्या दिवशी, निदान दहा-दहा बार काढून, गोळ्या तितक्याच खाली लागतात का ते पाहा. त्यानंतर कानशीचे दोन हात, पाच बार, पुन्हा दोन हात, असे जावे आणि शेवटी मार अर्धा इंच खाली राहिला तर तो तसाच सोडून द्यावा. घासलेले पितळ परत जोडता येत नाही. मी पहिल्या हिवाळ्यात एकाच दुपारी माशी इतकी घासली की पुढच्या शनिवारी गोळ्या लक्ष्याच्या डोक्यावरून जाऊ लागल्या आणि नवी माशी बसवून घ्यावी लागली. जुनी अजून माझ्या पिशवीत, शिंगाशेजारी पडून आहे.